ब्लूबेरी जॅम : गॅस कधी बंद करायचा याच्या नोंदी

५ जुलै, शनिवार

या वेळी सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय. याआधी दोनदा ब्लूबेरीचा जॅम केला, एकदा मस्त जमला आणि एकदा नाही, आणि फरक कशाने पडला ते आजही सांगता येत नाही कारण मापं कुठेच लिहिलेली नव्हती. आता प्रत्येक बॅच १ किलो फळाची, साखर वजन करून, वेळ घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी इथे नोंद.

आज ३ किलो ताज्या ब्लूबेरी आणल्या. १ किलो आजच घेतल्या, १ किलो फ्रीजमध्ये पुढच्या शनिवारसाठी, आणि १ किलो न धुता ट्रेमध्ये सुट्या पसरून फ्रीझरला टाकल्या, कडक झाल्या की पिशवीत भरायच्या, म्हणजे गोळा होत नाही. धुवायच्या त्या वापरायच्या वेळीच. ओल्या ठेवल्या की दोन दिवसांत बुरशी धरतात.

निवडायला मुलगा बसला होता सोबत. "आई, यांना पीठ का लावलंय?" म्हणाला. ते पीठ नाही, फळाचं स्वतःचंच मेण असतं, पातळ पांढरट थर, त्याने फळातलं पाणी टिकतं. बोटाने पुसलं की खालून जवळजवळ काळी साल दिसते. हा थर शाबूत असला की फळ फार हाताळलेलं नाही असं समजायचं. एक बेरी सुरीने अर्धी करून दाखवली त्याला, आतला गर फिकट हिरवट पांढरा, रंग म्हणून जो आहे तो सगळा सालीत. म्हणजे जॅमचा तो गडद जांभळा रंग हा शिजताना सालीतून सुटलेला रंग. त्याला हे फारच आवडलं, मग पुढची दहा मिनिटं प्रत्येक बेरी फोडून बघणं चाललं होतं :)

मऊ पडलेल्या, फुटलेल्या बाजूला काढल्या. देठाजवळ लालसर राहिलेल्या थोड्या कच्च्या पण बाजूला काढल्या (हे चुकलं, खाली १३ तारखेला बघा).

१००० ग्रॅम बेरी, ७०० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम लिंबाचा रस. स्टीलच्या पातेल्यात कालवून रात्रभर फ्रीजमध्ये. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, आंबट फळ त्याला लागतं आणि चव बिघडते.

६ जुलै, रविवार

बॅच १.

सकाळी बघितलं तर साखर बरीचशी विरघळलेली आणि तळाला बोटभर गडद रस. एक चमचाही पाणी घातलेलं नाही, साखरेनेच फळातलं पाणी ओढून घेतलंय. याचा फायदा म्हणजे गॅसवर ठेवल्यावर साखर तळाला लागून करपायची भीती राहत नाही आणि नंतर जॅममध्ये साखरेची कणी राहण्याची शक्यता पण कमी होते.

मंद आचेवर सगळी साखर विरघळेपर्यंत ढवळलं, मग आच मोठी. सगळीकडे लिहिलेलं असतं की १०४ ते १०५ अंशाला जॅम सेट होतो, म्हणून थर्मामीटर लावून बसले. ९९ पर्यंत पटकन गेला, मग १०१, १०२, आणि तिथून पुढे हलेचना. मी आपली वाट बघत राहिले कारण १०५ व्हायला हवं हे डोक्यात पक्कं. बुडबुडे आधी बारीक, फेसाळ होते ते हळूहळू मोठे आणि जड झाले, आवाज पण बदलला, आधी सळसळ होती आणि नंतर रटरट. ३६ मिनिटांनी १०५ आलं. तोपर्यंत ताज्या फळाचा वास जाऊन जळक्या साखरेकडे झुकणारा वास यायला लागला होता.

बरण्यांमध्ये भरलेलं वजन १०८० ग्रॅम, थोडा पातेल्याला चिकटून राहिला.

७ जुलै, सोमवार

चमचा उभा राहतो. ब्रेडवर पसरत नाही, ब्रेडच फाटतो. चव वाईट नाही पण ब्लूबेरी कमी आणि साखर जास्त. अजून एक, बेरी आख्ख्या ठेवल्या होत्या त्या सगळ्या वर तरंगून बसल्यात आणि बरणीचा खालचा भाग नुसती जेली.

रात्री ताईला फोन केला. ती वर्षानुवर्षं जॅम करते. तिचा पहिला प्रश्न, "अगं, तुझ्याकडे पाणी किती अंशाला उकळतं ते बघितलंस का?" नव्हतं बघितलं. "मग आधी साध्या उकळत्या पाण्यात थर्मामीटर घालून बघ, आणि जे येईल त्यात साडेचार मिळव. तो तुझा आकडा. पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा असतो."

लगेच पाणी उकळून बघितलं. ९८.

म्हणजे माझा आकडा साधारण १०२.५ आणि मी १०५ पर्यंत ओढत नेला. दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू जवळपास १ अंशाने उतरतो. हे शाळेत शिकलेलं होतं सगळं, पण जॅमच्या पातेल्याशी जोडून कधी बघितलं नव्हतं. तापमान बघायचं कारण इतकंच की पाणी उडत जातं तशी उरलेल्या पाकात साखर वाढते, आणि साखर जितकी जास्त तितका तो पाण्यापेक्षा वरच्या तापमानाला उकळतो. म्हणजे थर्मामीटर आडून आडून साखरच मोजत असतो. आणि तो १०२ ला अडकून बसला होता असं मला वाटत होतं तेव्हाच जॅम होत आलेला होता, मला तो ओळखता आला नाही.

१२ जुलै, शनिवार

बॅच २. गोड फार झाला होता म्हणून साखर ४०० ग्रॅमवर आणली, बाकी सगळं तेच. आता नवीन आकडा १०२.५ माहीत होता, पण २० मिनिटांनंतरही १००च्या थोडा वर. गेल्या वेळची धास्ती होती, २५ मिनिटांना बंद केला.

सेट होतोय का ते बघायला फ्रीझरमधल्या गार बशीवर थेंब टाकला तर तो नुसता वाहत गेला, बोट फिरवलं तर रेघ लगेच भरून आली.

चव मात्र फार सुंदर, आंबटगोड, एकदम ताजी. पण हा जॅम नाही, सॉस आहे. बरण्यांमध्ये भरून फ्रीजमध्ये ठेवला, कारण साखर एवढी कमी असली की उघडल्यावर तो फार टिकत नाही, दोनतीन आठवड्यांत संपवायला हवा. दह्यावर घालून खातोय, त्यामुळे संपेल तसा.

१३ जुलै, रविवार

आज जॅम केला नाही, कागद पेन घेऊन बसले.

जॅम घट्ट होतो तो पेक्टिनमुळे. फळाच्या पेशींच्या भिंतीत असतं ते. शिजवताना ते रसात उतरतं, पण पाण्यात त्याचे धागे एकमेकांपासून लांब लांब राहतात. साखर भरपूर असली की ती पाणी स्वतःकडे धरून ठेवते, आणि आंबटपणा असला की धाग्यांचं एकमेकांना ढकलणं कमी होतं, मग ते एकमेकांत गुंततात आणि जाळी तयार होते. त्या जाळीत अडकलेला पाक म्हणजे जॅम. यासाठी साखर एकूण वजनाच्या ६५ टक्क्यांच्या आसपास आणि पीएच साधारण २.८ ते ३.४ मध्ये लागतो. ब्लूबेरी आंबट असते पण पेक्टिन बेताचंच, म्हणून लिंबू हवंच. कमी साखरेचा जॅम करायचाच असेल तर वेगळ्या प्रकारचं पेक्टिन मिळतं जे कॅल्शियमवर घट्ट होतं, साखरेवर नाही. मी साखर कमी केली आणि पेक्टिन तेच ठेवलं, मग जाळी कशी होणार.

आणि नुसतं उकळत राहून भागत नाही. फार वेळ शिजवलं तर पेक्टिनचे धागेच तुटायला लागतात.

आता त्या कच्च्या बेरींबद्दल. फळ पिकतं तसं त्यातलं पेक्टिन मोडत जातं, म्हणून ते मऊ होतं. म्हणजे देठाजवळ लालसर राहिलेल्या, ज्या मी वेचून बाजूला काढल्या, त्यातच पेक्टिन जास्त होतं. खात्री करायला अल्कोहोलची टेस्ट केली, अल्कोहोलमध्ये पेक्टिन गोळा होतं, जितकं जास्त तितका मोठा गोळा. थोड्या बेरी चमचाभर पाण्यात शिजवून रस गाळला, गार केला, १ चमचा रसात ३ चमचे रबिंग अल्कोहोल घालून हलक्या हाताने हलवलं. पिकलेल्या बेरींच्या रसात लहान लहान तुकडे जमले, काट्याने उचलायला गेलं की सुटणारे. कच्चट बेरींच्या रसात एकच मोठा गोळा, काट्यावर अख्खा उचलला गेला! दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखं होतं. (हे चाखायचं नाही, विषारी असतं, लगेच फेकून द्यायचं आणि वाट्या वेगळ्या धुवायच्या.)

आता मुख्य गोष्ट. साखर ६५ टक्के हवी, तर मग ती थर्मामीटरने अंदाजाने का मोजायची, सरळ वजनच का करू नये? ब्लूबेरीत विरघळलेली साखर वगैरे १० ते १४ टक्के असते, मी १२ धरले. १ किलोत १२०. वरून ७०० साखर. एकूण ८२०. हे उडून जात नाही, उडतं ते फक्त पाणी. ८२० भागिले ०.६५ म्हणजे १२६१. म्हणजे जॅम १२६० ग्रॅम झाला की गॅस बंद. सुरुवात १७४० पासून, म्हणजे ४८० ग्रॅम पाणी उडवायचं, बास.

हाच हिशोब मागच्या बॅचला लावला. बॅच १ चे ८२० ग्रॅम, चिकटलेलं धरून जॅम ११०० च्या आसपास, म्हणजे साखर जवळपास ७४ टक्के. बॅच २ मध्ये ५२० ग्रॅम, ६५ टक्क्यांसाठी तो ८०० ग्रॅमपर्यंत आटवायला लागला असता, तोपर्यंत फळाचं काय राहिलं असतं. दोन्ही बॅच का बिघडल्या ते एका पानावर आलं. खरं सांगते, इतकं हलकं वाटलं.

१९ जुलै, शनिवार

बॅच ३. नवीन बेरी आणल्या, मुद्दाम चाळून त्यात साधारण पाव भाग देठाजवळ लालसर असलेल्या ठेवल्या. अर्ध्या बेरी मॅशरने ठेचल्या, अर्ध्या आख्ख्या. माप बॅच १ चंच, १००० / ७०० / ४०, रात्रभर साखरेत.

सगळ्यात आधी रिकामं पातेलं लाकडी कालथ्यासकट वजन केलं : १४३० ग्रॅम. म्हणजे सुरुवात ३१७० आणि थांबायचं २६९० ला. हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून ओट्यासमोर चिकटवला. वजनकाट्यावर लाकडी पाट ठेवून तो शून्य करून घेतला, गरम पातेलं सरळ काट्यावर ठेवायचं नाही. पातेलं रुंद आहे आणि सुरुवातीला जेमतेम तिसरा हिस्सा भरलं होतं. हे महत्त्वाचं आहे, कारण उकळताना जॅम फुगून दुपटीच्या वर येतो, आणि उतू गेला तर तो चिकट पाक निघता निघत नाही. शिवाय पसरट पातेल्यात पाणी लवकर उडतं. याच कारणाने २ किलो एकदम करायचा मोह टाळायचा, माप दुप्पट होतं पण वाफ जायची जागा तेवढीच राहते, मग दुप्पटीहून जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात पेक्टिन मोडतं.

फेस कमी यावा म्हणून अर्धा छोटा चमचा लोणी घातलं. फरक पडतो.

लिंबाचा रस आज मुद्दाम रात्री न घालता गॅसवर ठेवताना घातला, मुलाला दाखवायचं होतं म्हणून. रस जिथे पडला तिथे जांभळ्याचा एकदम किरमिजी झाला, ढवळलं तशी ती लाली सगळीकडे पसरली. सालीतली जी रंगद्रव्यं आहेत, अँथोसायनिन, ती आंबटात लाल होतात. नंतर पातेलं धुताना तळाला थोडा खायचा सोडा टाकला तर तेच पाणी निळसर हिरवं झालं. "परत कर, परत कर" चाललं होतं, तीनदा केलं.

वजनाच्या नोंदी, पूर्ण खदखदायला लागल्यापासून :
१० मिनिटं, २९३०
१५ मिनिटं, २८००
१८ मिनिटं, २७२०
साडेएकोणीस मिनिटं, २६८५, गॅस बंद.

दर वेळी पातेलं उचलून काट्यावर ठेवायचं, आकडा वाचायचा, परत गॅसवर, दहा सेकंदांचं काम, पण दोन्ही हातांनी धरायचं आणि मूल लांब उभं करायचं. उकळता जॅम अंगावर उडाला तर पाण्यासारखा ओघळत नाही, चिकटून बसतो आणि भाजत राहतो.

बंद केला तेव्हा थर्मामीटर १०२.३. ताईचा आकडा आणि माझा आकडा दोन बाजूंनी येऊन एकाच जागी भेटले. गार बशीवर थेंब टाकला, मिनिटभर थांबले, बोटाने कडेने हलकेच ढकलला. आधी काहीच नाही, मग थेंबाच्या पाठीवर बारीक सुरकुत्या उठल्या आणि बोटाच्या मागे रेघ तशीच उघडी राहिली. गॅस बंद करूनच ही टेस्ट करायची, नाहीतर बशी गार होईपर्यंत जॅम पुढे निघून जातो.

बेरी वर तरंगू नयेत म्हणून पाच मिनिटं पातेल्यातच राहू दिला, मग एकदा हलकं ढवळून गरम बरण्यांत भरला. वर ६ मिलिमीटर जागा सोडली, काठ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसले (काठाला जॅम लागला असेल तर झाकण नीट धरत नाही), झाकण बोटांनी लागेल एवढंच घट्ट. मग उकळत्या पाण्यात, बरण्यांच्या वर दोनतीन सेंटिमीटर पाणी राहील अशा बुडवून. उंची ३०० मीटरच्या आत असेल तर १० मिनिटं, माझ्याकडे पाणी ९८ ला उकळतं म्हणून १५. बरणी उलटी ठेवून सील करायची जुनी पद्धत किंवा वर मेण ओतायची पद्धत मी करणार नाही, दोन्हीत सील भरवशाचं नसतं.

चार बरण्या आणि एक वाटी. वाटी रात्रीपर्यंत संपली.

२० जुलै, रविवार

काल बाहेर काढल्यावर टक, टक आवाज येत होते, झाकणं आत ओढली जातात त्याचे. तीन आले, चौथ्याची वाट बघत झोपले. सकाळी बोटाने दाबून बघितलं, तीन झाकणं मधोमध खोलगट आणि पक्की, चौथं दाबलं की खाली वर होतंय. ती बरणी सरळ फ्रीजमध्ये, ती आधी खायची.

तीच उघडली. चमचा घातला की जॅम थरथरतो आणि हळूच सुटतो, ब्रेडवर पसरतो पण कडेने ओघळत नाही. ठेचलेल्या बेरींचा गर सगळीकडे आणि मध्ये मध्ये आख्खी बेरी दाताखाली येते. वास फळाचा! जळक्या साखरेचा अजिबात नाही.

एक वाचलेलं इथे लिहून ठेवते कारण आवडलं. आज आपण खातो त्या मोठ्या ब्लूबेरी शेतात लावायला लागून फार वर्षं झालेली नाहीत. फ्रेडरिक कोव्हिल या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१० मध्ये दाखवून दिलं की या झुडपाला आम्लधर्मी जमीन लागते, चांगल्या सुपीक बागेत ते उलट मरतं. मग न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांच्यासोबत काम केलं, जंगलात बेरी वेचणाऱ्या लोकांना मोठ्या फळाची झुडपं शोधून आणायला पैसे दिले, आणि १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचा पहिला माल विकला गेला. झुडपाला ते शोधणाऱ्याचं नाव द्यायच्या. रूबेल ही जात अशाच एका वेचणाऱ्याच्या नावावरून आली, अजून लावतात ती.

३ ऑगस्ट, रविवार

बॅच ४, फ्रीझरमधल्या बेरी.

रात्री गोठलेल्याच साखरेत टाकल्या आणि फ्रीजमध्ये ठेवल्या. सकाळी बॅच १ च्या दुप्पट तरी रस असेल. गोठताना आतल्या बर्फाने पेशी फुटतात त्यामुळे रस आपोआप सुटतो, मॅशर लागलाच नाही. सालही लवकर मऊ पडली. वजन तेच, २६९० ला बंद, या वेळी २० मिनिटं लागली. सुरकुती आली. चवीत मला फरक कळला नाही, घरात कोणालाच कळला नाही, फक्त आख्ख्या बेरी जवळजवळ राहिल्या नाहीत, सगळा एकजीव झालाय. ज्यांना तसा आवडतो त्यांनी ताज्याच्या मागे लागायची गरज नाही. पण एक, फ्रोझन बेरी आधी सुट्या पातळायला ठेवून वरचं पाणी ओतून टाकलं तर हिशोबही चुकेल आणि रंग, चव पण त्या पाण्याबरोबर जाईल. सगळं पातेल्यातच यायला हवं.

चारही झाकणं खोलगट.

९ ऑगस्ट, शनिवार

बॅच १ ची मागे राहिलेली बरणी आज उघडली. चमच्याला कचकच लागलं, उजेडात धरलं तर कडेला साखरेचे बारीक खडे. ७४ टक्के झाली होती ना. साध्या तापमानाला पाण्यात साखर साधारण ६७ टक्क्यांपर्यंत राहते, वरची कधी ना कधी खडा होऊन बाहेर येते. खराब झालेला नाही. वाटीभर जॅममध्ये तीन चमचे गरम पाणी घालून मंद आचेवर विरघळवला, आता पॅनकेकवर ओतायला छान झालाय.

बॅच ३ ची एक बरणी ताईला पाठवली होती. तिचा मेसेज आला, "सेट अगदी हवा तसा. लिंबू पाच ग्रॅम कमी कर पुढच्या वेळी, फळ मागे पडतंय." दुपारी मी परत खाऊन बघितला, तिचं बरोबर आहे. बॅच ५ : १००० / ७०० / ३५, म्हणजे सुरुवात ३१६५, थांबायचं २६९० लाच. पातेल्याच्या बुडाला १४३० खोडता न येणाऱ्या पेनाने लिहून ठेवलंय, पण गॅसवर ते टिकणार नाही, म्हणून कपाटाच्या दाराला आतून पण चिठ्ठी लावलीय.